तापातली आकडी आणि बाळाचं लोह

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ आरोग्यासाठी राखून ठेवायची, ही आपल्या मंडळाची जुनी पद्धत. आजवर या मंचावरून मधुमेह झाला, हृदयविकार झाला, गुडघेदुखी तर दोनदा झाली. आजी-आजोबांची चांगली सोय झाली. यंदा मंडळाने नातवंडांची बाजू मांडायला आम्हा दोघांना बोलावलं, याबद्दल आभार. आम्ही दोघंही बालरोगतज्ज्ञ. इथेच, इंदुरात, गेली तीसेक वर्षं एकाच दवाखान्यात मुलं तपासतो आहोत. घरातही आमच्या गप्पा पेशंटच्याच असतात, त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते दोघांचं मिळून आहे.

विषय निवडायला आम्हाला फार वेळ लागला नाही. भाद्रपद म्हणजे आमच्याकडे तापाचा हंगाम. पाऊस सरत आलेला असतो, घरोघरी व्हायरल चालू असतो आणि रात्री अकरा-बाराला फोन वाजतो. पलीकडून नीट शब्दही फुटत नाहीत. "डॉक्टर, बाळाने डोळे पांढरे केलेत!" मागे रडारड, कुणीतरी ओरडतंय, "चमचा आणा, चमचा!"

ही तापातली आकडी. हिंदीत आपण झटके म्हणतो. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. ताप चढलेला असतो, कधीकधी तर ताप आहे हेही घरात कळलेलं नसतं. मूल एकदम ताठ होतं, नजर एका जागी थिजते, हातपाय झटके देऊ लागतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो, ओठ निळसर होतात. हाक मारली तर ओ नाही. हे सगळं होतं मिनिट-दोन मिनिटं, पण आईबापांना तो तास वाटतो. किती तरी आयांनी आम्हाला नंतर सांगितलं आहे, "डॉक्टर, मला वाटलं, गेलं माझं लेकरू."

म्हणून सर्वांत आधी धीराची गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभर मुलांपैकी साधारण दोन ते पाच मुलांना कधी ना कधी तापात आकडी येते. म्हणजे आज या मंडपात जेवढी कुटुंबं बसली आहेत, त्यांतल्या अनेकांनी ती पाहिली असणार. लहान मुलाचा मेंदू अजून घडत असतो. प्रत्येक मेंदूला एक उंबरठा असतो. ताप चढला की काही मुलांचा मेंदू तो उंबरठा ओलांडतो, आणि मेंदूतल्या पेशी सगळ्या एकदम संदेश पाठवू लागतात. पुष्कळदा आईला, वडिलांना किंवा एखाद्या मावशी-काकाला लहानपणी अशीच आकडी आलेली असते. विचारलं की आजीला आठवतं, "हो, याच्या बापालाही यायची."

आता अशा वेळी करायचं काय? हे मात्र नीट ऐका.

पहिलं म्हणजे घड्याळ बघा. आकडी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. दुसरं, मुलाला जमिनीवर किंवा मोठ्या पलंगावर एका कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल, श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. तिसरं, तोंडात काहीही घालू नका. चमचा नको, बोट नको, पाणी नको, औषधही नको. जीभ गिळली जाते हा समज खोटा आहे. उलट चमच्याने दात तुटलेले आणि बोटाला चावा बसलेले आम्ही पाहिले आहेत. चौथं, हातपाय दाबून धरू नका. आणि पाचवं, कांदा, चप्पल, बूट हुंगवू नका. "पण डॉक्टर, चप्पल हुंगवली आणि आकडी थांबली!" असं आम्हाला सांगणारे शेकडो भेटले. चप्पल शोधून आणेपर्यंत दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात आकडी आपली आपण थांबते. श्रेय मात्र चपलेला मिळतं.

पाच मिनिटं झाली तरी आकडी थांबली नाही, तर लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इस्पितळात पोहोचा. ज्या मुलांना आधी लांबलेली आकडी आली आहे, त्यांच्या घरी आम्ही नाकात मारायचा मिडॅझोलामचा फवारा लिहून देतो. तो कसा वापरायचा हे आई आणि बाबा दोघांनी आमच्यासमोर शिकून घ्यावं, आणि आजीनेही. कारण आकडी आईबाबा ऑफिसात असतानाही येते.

आकडी थांबली तरी पहिल्या वेळेला मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, आकडी एकाच अंगाला आली असेल, चोवीस तासांत पुन्हा आली असेल, आकडी थांबूनही मूल नीट जागं होत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगलेली असेल किंवा सारख्या उलट्या होत असतील, तर हा वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. मेंदूच्या आवरणाला सूज, मेंदूत गेलेला मलेरिया, हे सगळं तापाने आणि आकडीनेच सुरू होतं. अशा वेळी डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायचं म्हटलं तर घाबरून नाही म्हणू नका.

पण हे अपवाद. बहुतेक मुलांची आकडी सर्व अंगाला येते, पंधरा मिनिटांच्या आत थांबते, चोवीस तासांत एकदाच येते आणि तासाभरात मूल पुन्हा खेळू लागतं. अशा साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, बुद्धी कमी होत नाही. अशा मुलाला सहसा मेंदूच्या आलेखाची किंवा सीटी स्कॅनची गरज नसते. पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर ती शक्यता वाढून निम्म्यापर्यंत जाते. तापाचं औषध द्या, त्याने मुलाला बरं वाटतं, पण पॅरासिटामॉल वेळेवर दिलं म्हणून पुढची आकडी टळतेच असं नाही. तेव्हा "तू औषध उशिरा दिलंस म्हणून झालं," असं सूनबाईला कुणी म्हणू नये.

आणखी एक. हे फेफरं नव्हे. पुढे जाऊन फेफरं होण्याचा धोका साध्या आकडीनंतर शंभरात एक-दोन एवढाच असतो. इतर मुलांपेक्षा तो किंचितच जास्त. तरी अजूनही मुलगी असली की आमच्या कानाशी येऊन सांगतात, "डॉक्टर, फाईलवर नका हं लिहू, पोरीची जात आहे, पुढे लग्नाला अडचण." पाच वर्षांनंतर बहुधा येतच नाही अशी ही गोष्ट. ती लपवल्यामुळे नुकसान एवढंच होतं की पाळणाघरात, शाळेत कुणाला माहीत नसतं, आणि तिथे आकडी आली तर पुन्हा चमचा आणि चप्पल.

मंडळी, आमचं भाषण वीस वर्षांपूर्वी असतं तर इथेच संपलं असतं. दवाखान्यातही आम्ही आईबापांना एवढंच सांगायचो: घाबरू नका, ताप उतरवा, मोठं झाल्यावर जाईल. ते खरंही होतं. पण त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जात होता. तो आम्हाला एका आजींनी शिकवला.

एक मुलगा होता. तेरा महिन्यांचा असताना पहिली आकडी आली, सोळाव्या महिन्यात दुसरी. दोन्ही वेळा आम्हीच तपासलं, धीर दिला, घरी पाठवलं. गुटगुटीत बाळ, वजन छान, गोरागोमटा. दवाखान्यात बसलेल्या बायका म्हणायच्या, "किती गोरा आहे हो!" विसाव्या महिन्यात तिसरी आकडी आली. या खेपेला बरोबर आजी होत्या. आम्ही औषधं लिहीत असताना त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टर, याला एक वाईट सवय लागलीय. भिंतीचे पोपडे खातो. खडू दिसला की तोंडात घालतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणं हे शरीरात लोह कमी असल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण. ते आम्ही पुस्तकात वाचलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. मग मुलाच्या पापणीच्या आत पाहिलं, तळहात पाहिले. तो गोरा नव्हता, पांढराफटक होता. आईला विचारलं, काय खातो? आई म्हणाली, "जेवत फारसं नाही, पण दूध भरपूर पितो. दिवसाला पाच बाटल्या." घरातल्यांना त्याचं कौतुकच होतं. ताप गेल्यावर रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.२. लहान मुलात ते निदान ११ तरी असायला हवं. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला.

यात आईची चूक नव्हती. आकडी आलेलं मूल घेऊन ती दोनदा आमच्यासमोर बसली होती आणि दोन्ही वेळा 'हा काय खातो' हे आम्ही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही नियम केला: तापात आकडी आलेल्या प्रत्येक मुलाच्या लोहाची चौकशी करायची.

आता तुम्ही विचाराल, लोहाचा आणि आकडीचा संबंध काय?

लोह म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. पण लोह मेंदूलाही लागतं. पेशी-पेशींत निरोप पोहोचवणारी डोपामिन आणि सेरोटोनिन यांसारखी रसायनं बनवायला लोह लागतं. मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर असतं तसं, जे आवरण चढतं त्यालाही लोह लागतं. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के आकाराचा होतो, म्हणजे ही सगळी बांधणी त्याच काळात चालू असते. आणि त्याच काळात लोह सर्वांत कमी पडतं. आकडीचं वय आणि लोह कमी पडण्याचं वय बरंचसं एकच आहे.

या संबंधावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. १९९६ साली इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी दोन वर्षांच्या आतली मुलं तपासली. तापात आकडी आलेल्या मुलांपैकी ३० टक्क्यांना लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया होता. तुलनेसाठी घेतलेल्या, आकडी न आलेल्या मुलांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी निघालं. २००९ मध्ये कॅनडातल्या एडमंटनचा अभ्यास आला. तिथे आकडीच्या मुलांत लोहाची कमतरता ९ टक्के, नुसता ताप असलेल्यांत ५ टक्के. आपल्या देशातला अभ्यास २०१२ मध्ये तिरुवनंतपुरमहून प्रसिद्ध झाला. आकडी आलेली १५४ मुलं आणि नुसता ताप आलेली १५४ मुलं. पहिल्या गटात सुमारे ६४ टक्के मुलांत लोह कमी, दुसऱ्या गटात सुमारे २५ टक्के.

एवढं ऐकून कुणी निष्कर्ष काढेल की लोह दिलं की आकडी बंद. तसं आम्ही म्हणणार नाही. १९९५ मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष नेमका उलट होता, की लोह कमी असलेल्यांना आकडी कमी येते. नंतरचे बहुतेक अभ्यास मात्र पहिल्या बाजूचे आहेत. आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. लोह नीट असलेल्या मुलांनाही तापात आकडी येते, आणि लोह कमी असलेल्या बहुसंख्य मुलांना ती कधीच येत नाही. तेव्हा लोहाच्या औषधाकडे आकडीचं औषध म्हणून पाहू नका.

मग आम्ही चौकशी का करतो? कारण आकडी आली म्हणून ते मूल आमच्यापर्यंत पोहोचलेलं असतं. आकडीने सहसा काही बिघडत नाही, पण लोहाच्या कमतरतेने बिघडतं, आणि ते चुपचाप बिघडतं. बेट्सी लोझॉफ या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी कोस्टा रिकामध्ये बाळांचा एक अभ्यास सुरू केला आणि तीच मुलं १९ वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. तान्हेपणी दीर्घकाळ लोह कमी राहिलेली मुलं औषधाने ॲनिमिया बरा झाल्यावरही बौद्धिक चाचण्यांत मागे राहिली. गरीब घरांतल्या मुलांत तर हे अंतर वयाबरोबर वाढत गेलं. तोंडाला फेस येऊन दोन मिनिटांत थांबणाऱ्या गोष्टीला आपण घाबरतो, आणि मूल दोन वर्षं मलूल, चिडचिडं, फिक्कं राहतं त्याला "स्वभावच आहे त्याचा" म्हणतो.

ही कमतरता किती मोठी आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत ॲनिमियाचं प्रमाण देशात ६७.१ टक्के निघालं, आपल्या मध्य प्रदेशात ७२.७ टक्के. ही तपासणी बोटाला टोचून घेतलेल्या रक्तावर होते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतलं होतं. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी ४१ टक्के मुलांत ॲनिमिया आणि ३२ टक्के मुलांत लोहाची कमतरता दिसली. आकड्यांत फरक आहे, पण कमी आकडा धरला तरी तिघांतलं एक मूल झालं. ही फक्त झोपडपट्टीतली मुलं नाहीत. आपल्या चांगल्या खात्यापित्या घरांतली मुलं आम्ही रोज पाहतो.

याचं कारण बरंचसं स्वयंपाकघरात आहे. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर हा साठा आणखी वाढतो. हा साठा पुरतो साधारण सहा महिने. आईच्या दुधात लोह थोडं असतं पण चांगलं पचतं. सहा महिन्यांनंतर मात्र वरच्या अन्नातूनच लोह मिळायला हवं. आणि नेमकं तेव्हा आपण काय देतो? वरणाचं पाणी, भाताची पेज, बिस्किट दुधात कुस्करून, आणि दूध, दूध, दूध.

दुधाबद्दल आपल्याला फार माया आहे. पण लिटरभर गाईच्या दुधात लोह असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोजच्या आहारातून हवं असतं सुमारे ८ मिलिग्रॅम. त्यातून दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह शोषू देत नाही, आणि पोट दुधानेच भरलं की मूल जेवत नाही. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊच नका. त्या वयात त्याने आतड्यातून अगदी सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो. वर्षानंतर दिवसाला चारशे-पाचशे मिली पुरे, तेही वाटीने किंवा पेल्याने. बाटली सोडवा.

दुसरा शत्रू चहा. आपण इंदूरकर सकाळी पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तम. पोह्यांत थोडंफार लोह असतं आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते चांगलं शोषलं जातं. पण त्याच वेळी आजोबा बशीत चहा ओतून नातवाला फुंकर घालून पाजतात. चहातली द्रव्यं ते लोह बांधून टाकतात. आजोबा, चहा तुम्ही प्या, नातवाला पोहे द्या.

मग द्यायचं काय? सहा महिने पूर्ण झाले की वरणाचं पाणी नव्हे, घट्ट वरण. मऊ भात, त्यावर तूप आणि लिंबू. वरणभातावर लिंबू पिळायची आपली रीत किती शहाणपणाची आहे पहा. मोड आलेल्या मुगाची, मटकीची उसळ मऊ शिजवून, कुस्करून. मोड आल्याने लोह शोषायला सोपं होतं. नाचणीची खीर किंवा आंबील, राजगिरा, माठाची आणि चवळीची पालेभाजी वरणात घोटून. आवळा, संत्रं, पेरू, टोमॅटो यांपैकी काहीतरी जेवणासोबत. भाजी-आमटी लोखंडी कढईत करा, चिंचेची किंवा टोमॅटोची आमटी असेल तर लोह आणखी उतरतं. जे मांसाहार करतात त्यांनी बाळाला मासे, चिकन, मटणाची कलेजी शिजवून, बारीक करून द्यायला संकोच करू नये. मांसातलं लोह धान्य-भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं. घरात मोठ्यांनी खायचं आणि बाळाला "पचणार नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि बीट, डाळिंब? आवडत असेल तर जरूर द्या, पण लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं नाही. शंभर ग्रॅम बिटात किंवा डाळिंबात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. मोदक बाप्पाच्या प्रेमाने खा, लोहासाठी नको.

आता औषधाकडे. नुसत्या आहाराने सगळ्या मुलांची गरज भागत नाही, म्हणूनच २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप द्यायचं ठरलं आहे. प्रत्येक वेळी १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ते आशाताईंकडून आणि सरकारी केंद्रांतून फुकट मिळतं. आपल्यातल्या अनेकांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. ते सगळ्या मुलांसाठी आहे. ताप किंवा जुलाब चालू असताना तेवढे दिवस थांबवा. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना लोह सहा महिन्यांच्या आधीपासूनच लागतं, ते डॉक्टरांना विचारून सुरू करा.

मुलाला प्रत्यक्ष कमतरता असेल तर डोस वेगळा असतो, रोज असतो, वजनावर ठरतो. तो डॉक्टरांनीच ठरवावा. औषध दुधाबरोबर देऊ नका. दोन जेवणांच्या मध्ये, थोड्या लिंबूपाण्याबरोबर द्या. ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला, मागे सोडा आणि नंतर पाणी पाजा, म्हणजे दात काळे पडणार नाहीत. शी काळी होते, त्याने घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढलं की लगेच बंद करू नका. साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात. आणि बाटली कुलपात ठेवा. लोहाचं सिरप गोड असतं, आणि मुलाने एकदम खूप प्यायलं तर ते जिवावर बेतू शकतं.

तपासणीबद्दल दोन शब्द. नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. लोह तुटपुंजं असलं की शरीर ते आधी रक्ताला देतं, मेंदूच्या वाट्याला नंतर येतं. म्हणून साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करतात. पण ताप असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून ती बरं वाटल्यावर, काही आठवड्यांनी करावी. महिनाभर नीट औषध देऊनही हिमोग्लोबिन हललं नाही तर डोस वाढवत बसू नका. थॅलेसेमियाचा अंश किंवा सिकल सेल आहे का ते तपासून घ्या. आपल्या भागात दोन्ही आहेत.

त्या पोपडे खाणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. त्याला पुन्हा आकडी आलीच नाही असं सांगता आलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. तशी ती आली, तीन वर्षांचा असताना, एकदा. पण तेव्हा घरात कुणी चमचा शोधला नाही. आजींनी घड्याळ बघितलं, त्याला कुशीवर घेतलं, दीड मिनिटात आकडी थांबली आणि सकाळी त्याला आमच्याकडे आणलं. त्याच्या बाटल्या सुटल्या होत्या, पोपडे सुटले होते, आणि टेबलावरची आमची टॉर्च घेऊन तो दवाखानाभर पळत होता. आजी म्हणाल्या, "आता हा गोरा दिसत नाही, पण बरा दिसतो."

आज घरी गेल्यावर प्रत्येक आजीने आपल्या नातवंडाबद्दल तीन गोष्टी विचारायच्या, एवढीच आमची मागणी. दिवसाला दूध किती पितं? माती, खडू, पोपडे, कागद असं काही खातं का? आणि लोहाचं सिरप चालू आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर आमच्याकडेच या असं नाही, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पण आकडी येण्याची वाट पाहू नका.

आता तुमचे प्रश्न असतील तर विचारा, आरतीला अजून पंधरा मिनिटं आहेत.

गणपती बाप्पा मोरया!